नोकरीत असताना अपंगत्व आले तर: राजीनाम्याआधी करायच्या कामांचा क्रम

अपघात, पक्षाघात, मधुमेहामुळे गेलेली दृष्टी, हळूहळू वाढत गेलेला बहिरेपणा किंवा दीर्घकाळ चाललेला मानसिक आजार यांमुळे ऐन उमेदीत अपंगत्व आलेल्या माणसाच्या नोकरीवर दोनदा आघात होतो. पहिला आघात शरीरावर होतो आणि तो टाळणे कुणाच्या हातात नसते. दुसरा कागदावर होतो. रजा संपत येते, कचेरीतून ‘आता तब्येतीकडे लक्ष द्या’ असा सल्ला मिळतो, घरचेही त्याला दुजोरा देतात, आणि काम बदलून पूर्ण पगारावर राहता आले असते असा माणूस राजीनाम्यावर सही करतो. या लेखात फक्त हा दुसरा आघात टाळण्याची पद्धत दिली आहे. यातली बरीचशी पावले लोकांनी ऐकलेली असतात, पण ती उलट्यासुलट्या क्रमाने उचलली जातात आणि तिथेच नुकसान होते.

## सुरुवात करण्यापूर्वी: आपली आस्थापना कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा या विषयातला मुख्य कायदा आहे. त्याच्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला कामावरून काढता येत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. तो आधीच्या पदाचे काम करू शकत नसेल, तर त्याला त्याच वेतनश्रेणीच्या आणि त्याच सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर नेले पाहिजे. असे पद रिकामे नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, त्याला अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जादा पदावर, ठेवता येते.

‘सरकारी आस्थापना’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त मंत्रालय आणि तहसील कचेरी येते. कायद्याची व्याख्या बरीच रुंद आहे. केंद्र व राज्याची खाती, महानगरपालिका व जिल्हा परिषदा, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, सरकारी कंपन्या, तसेच सरकारच्या मालकीच्या, नियंत्रणाखालील किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्था त्यात येतात. अनुदानित शाळेतील शिक्षक ‘आमची संस्था खासगी आहे’ असे म्हणत हे संरक्षण सोडून देतात, ते या व्याख्येकडे न पाहिल्यामुळे.

खासगी कंपनीत असाल तर कलम २०(४) तुम्हाला थेट लागू होत नाही. तरीही कलम ३ मधील भेदभावाला मनाई आणि कलम २१ मधील समान संधी धोरण या गोष्टी लागू होतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने आपल्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सुविधा, त्यांच्यासाठी योग्य असलेली पदे आणि संपर्क अधिकारी यांची माहिती देणे अपेक्षित आहे. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्याने नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते कुणाच्या नावे आहे हे आधी पाहावे, म्हणजे पत्र कुणाला लिहायचे याचा गोंधळ होणार नाही.

तपासणी: नियुक्तिपत्र, सेवाशर्ती किंवा स्थायी आदेश, शेवटच्या सहा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या, शिल्लक रजेचा हिशेब आणि असल्यास समान संधी धोरण हे पाच कागद एका फाइलमध्ये आले का? सरकारी आस्थापनेत सेवापुस्तकाची प्रत मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

## टप्पा १: रुग्णालयात असतानाच करायची कामे

या टप्प्यावर रुग्ण स्वतः काही करू शकत नाही, म्हणून घरातील एकाच व्यक्तीने सर्व पत्रव्यवहार आपल्याकडे घ्यावा. दोघांतिघांनी वेगवेगळ्या दिवशी कचेरीत जाऊन वेगवेगळे बोलणे ही अगदी नेहमीची चूक आहे. मुलगा म्हणतो ‘महिन्याभरात येतील’, मेहुणा म्हणतो ‘आता काही खरं नाही’, आणि साहेबांच्या लक्षात दुसरे वाक्य राहते.

१. आस्थापनेला आजाराची किंवा अपघाताची लेखी सूचना द्यावी आणि पोच घ्यावी. हाती दिलेल्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का असावा. शिक्का द्यायला नकार मिळाला तर तेच पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवावे, शिवाय ईमेलही करावा.

२. रजेचा अर्ज वेगळा द्यावा. सूचनापत्राला रजेचा अर्ज समजण्यात येईल असे गृहीत धरू नये. अनधिकृत गैरहजेरीचा ठपका नेमका याच फटीतून येतो.

३. अपघात कामाच्या जागी किंवा कामाच्या ओघात झाला असेल, तर मालकाने अपघाताचा अहवाल नोंदवला का ते पाहावे आणि प्रत मागावी. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, नाव असेल तर हा अहवाल पुढच्या प्रत्येक दाव्याचा पाया असतो. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांतील नोंद आणि पंचनामा यांच्या प्रती लागतात.

४. रुग्णालयात दाखल केल्याच्या वेळची नोंद वाचावी. अपघात ‘यंत्रावर काम करताना’ झाला असताना गडबडीत ‘घरी पडून’ असे लिहिले गेले असेल, तर ते त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावे. नंतर ती ओळ प्रत्येक सुनावणीत समोर येते.

सावधान: या काळात कोऱ्या कागदावर, ‘स्वेच्छेने’ हा शब्द असलेल्या कोणत्याही अर्जावर, किंवा ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ अशा पावतीवर सही किंवा अंगठा देऊ नये. मदतीची रक्कम घेताना पावतीवर ‘उपचारासाठी आगाऊ’ असे स्पष्ट लिहावे.

राजीनामा एकदा दिला की सगळे संपते, असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका राज्य वीज मंडळातील दृष्टी गेलेल्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात असे ठरवले की त्याने निवृत्तीचे पत्र दिले असले, तरी त्याला कायद्यातील हक्काची माहिती देणे हे अधिकाऱ्यांचे काम होते आणि त्या पत्राच्या आधारे त्याची नोकरी संपवता येत नाही. निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला खरा, पण त्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सही न करणे त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

## टप्पा २: कामाची फोड करा

‘मी आता हे काम करू शकत नाही’ हे वाक्य जवळपास नेहमीच अर्धसत्य असते, कारण कोणतेही पद म्हणजे दहा-पंधरा वेगवेगळ्या कामांची मोळी असते आणि अपंगत्वामुळे त्यांतली काहीच सुटतात. कोणती सुटली आणि कोणती राहिली हे कागदावर मांडल्याशिवाय डॉक्टरांकडे किंवा साहेबांकडे जाऊ नये. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी टप्पा आहे.

पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या आणि उजव्या हाताची तीन बोटे गमावलेल्या कामगाराचे उदाहरण घ्या. त्याचा दिवस असा असतो: पाळीच्या सुरुवातीला यंत्र तपासणे, साचा बसवणे व बोल्ट आवळणे, पत्रा आत सरकवणे, पॅडल दाबणे, तयार नग काढणे, दर काही नगांनंतर व्हर्नियर किंवा गेजने माप घेणे, खराब नग वेगळे करणे, नोंदवहीत आकडे भरणे, नव्या मुलाला काम दाखवणे आणि पाळी बदलताना पुढच्याला माहिती देणे. यांपैकी साचा बसवणे आणि पत्रा सरकवणे ही दोन कामे त्याला आता धोक्याची आहेत. पॅडल पायाने दाबायचे असले, तरी दुसरा हात साच्याजवळ जात असल्यामुळे तेही टाळलेले बरे. व्हर्नियर डाव्या हाताने धरायला काही आठवड्यांचा सराव लागेल किंवा डिजिटल व्हर्नियर द्यावे लागेल. उरलेली सगळी कामे तो आजही करू शकतो, आणि नग हातात घेताच दोष ओळखणारी त्याची नजर कुठेही गेलेली नाही. ही यादी पाहिली की गुणवत्ता तपासणी, टूल रूम आणि प्रशिक्षण ही तीन ठिकाणे आपोआप समोर येतात.

अशीच यादी स्वतःच्या कामाची करावी आणि प्रत्येक कामापुढे चारपैकी एक शेरा लिहावा: आहे तसे जमते, साधन किंवा बदल मिळाल्यास जमते, सरावानंतर जमेल, जमणार नाही. दुसऱ्या शेऱ्यापुढे साधनाचे नाव लिहावे. दृष्टी गेलेल्या लिपिकाने ‘संगणक जमत नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर लागेल’ असे लिहावे. एनव्हीडीए हे त्या प्रकारचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्यामुळे खर्चाचा आक्षेप तिथल्या तिथे गळून पडतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याने उतार, दाराची रुंदी, स्वच्छतागृह आणि बसण्याचा मजला यांची नोंद करावी. ऐकू कमी येणाऱ्याने फोनवरची कामे आणि बैठका यांचा वेगळा विचार करावा. मानसिक आजारातून सावरणाऱ्याच्या यादीत साधनांऐवजी वेळा येतील: रात्रपाळी नको, औषधांमुळे सकाळी उशिरा सुरुवात, सूचना तोंडी न देता लेखी.

ज्यांचे अपंगत्व हळूहळू वाढते, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना आहे. नजर किंवा ऐकणे कमी होत असताना ते लपवण्याकडे माणसाचा कल असतो, आणि त्या काळात झालेल्या चुका ‘निष्काळजीपणा’ म्हणून नोंदल्या जातात. ज्ञापन (मेमो) आले, तर त्याच्या उत्तरात वैद्यकीय कारण कागदपत्रांसह लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मानसिक आजार असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात असे म्हटले आहे की शिस्तभंगाच्या कारवाईमागील कारणांपैकी एक कारण अपंगत्व असले, तरी कायद्याचे संरक्षण मागता येते. मात्र अपंगत्वाचा कागद ज्ञापनाच्या आधीच्या तारखेचा असला, तर बाजू कितीतरी भक्कम होते.

## टप्पा ३: डॉक्टरांचे प्रमाणपत्र योग्य शब्दांत घ्या

टप्पा २ मधील यादी उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवावी. यादी नसली की घाईत असलेले डॉक्टर ‘कामास अयोग्य’ किंवा ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहून देतात. पहिल्या शेऱ्यावरून नोकरी जाऊ शकते. दुसऱ्यावरून काहीच होत नाही, कारण हलके काम म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार आपोआप साहेबांकडे जातो.

उपयोगी प्रमाणपत्रात पुढील गोष्टी असतात: निदान, स्थिती तात्पुरती आहे, सुधारणारी आहे की कायमची, कोणत्या हालचाली किंवा कामे टाळायची आणि किती काळ, कोणती कामे करता येतील, कोणते साधन किंवा बदल लागेल, आणि पुढील तपासणीची तारीख. ‘सध्याच्या पदावरील अमुक कामे वगळता कामास योग्य’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या खरे असेल, तर ते स्पष्टपणे लिहून देण्याची विनंती करावी.

आस्थापना जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा वैद्यकीय मंडळाकडे पाठवत असेल तर जावे, टाळू नये. जाताना कामांची यादी आणि हे प्रमाणपत्र घेऊन जावे व दोन्ही मंडळाच्या कागदपत्रांत जोडायला सांगावे. मंडळाला विचारलेला प्रश्नही वाचून घ्यावा. ‘वाहनचालक पदास योग्य आहे का?’ एवढाच प्रश्न असेल, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. म्हणून ‘योग्य नसल्यास कोणत्या प्रकारच्या कामास योग्य आहे’ हाही प्रश्न पाठवावा, असे आस्थापनेला आधीच लेखी कळवावे.

तपासणी: प्रमाणपत्रात ‘करू शकतात’ हा शब्द निदान एकदा तरी आला आहे का?

## टप्पा ४: अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र

हे प्रमाणपत्र डॉक्टरांच्या वरील प्रमाणपत्रापेक्षा वेगळे आहे, आणि वैश्विक ओळखपत्र म्हणजे दिव्यांग व्यक्तीला मिळणारे यूडीआयडी कार्ड. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, छायाचित्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद जोडायचे, आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीसाठी जायचे, अशी त्याची पद्धत आहे. कायद्याच्या अनुसूचीत अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि ॲसिड हल्ल्यामुळे आलेले अपंगत्वही येते.

उपचार चालू असताना घाईने गेल्यास तात्पुरते, मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. ते निरुपयोगी नसते, पण मुदत संपण्याआधी फेरतपासणीची तारीख घेतली नाही तर मध्ये खंड पडतो. टक्केवारी किंवा निष्कर्ष मान्य नसेल, तर प्रमाणपत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येते.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. आरक्षण आणि अनेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. नोकरी टिकवण्याच्या कलम २०(४) मध्ये मात्र ४० टक्क्यांची अट लिहिलेली नाही. तिथे फक्त सेवेत असताना अपंगत्व येणे एवढीच बाब आहे. ३० टक्के आले म्हणून अर्जच न करणारे कर्मचारी आपला हक्क आपणच सोडत असतात.

दुसरा गोंधळ टक्केवाऱ्यांचा. एकाच हाताच्या दुखापतीसाठी अपंगत्व प्रमाणपत्रावर एक आकडा, ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाकडून दुसरा आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात तिसरा आकडा येऊ शकतो, कारण पहिला आकडा शरीराच्या हानीचा असतो आणि पुढचे दोन कमावण्याच्या क्षमतेशी जोडलेले असतात. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातील अनुसूचीत अंगठा पूर्ण गेल्यास कमाईक्षमतेची हानी ३० टक्के धरली जाते. अंगठ्यावर ज्याची सारी कारागिरी उभी आहे, त्याचे प्रत्यक्ष नुकसान त्याहून कितीतरी जास्त असू शकते. म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी ‘खोटा’ ठरत नाही आणि तो तिथे आपोआप चालतही नाही.

## टप्पा ५: लेखी मागणी

टप्पा १ ते ४ मधील कागद हाती आल्यावरच मागणीचे पत्र द्यावे, पण रजा संपण्याच्या आत द्यावे. कागद अपुरे असतील तर आहेत तेवढ्यांवर पत्र द्यावे आणि ‘उर्वरित कागद प्राप्त होताच सादर करीन’ असे लिहावे.

मागणीत पर्यायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम त्याच पदावर, साधने व बदल देऊन. ते शक्य नसल्यास त्याच पदावर, काही कामांची सहकाऱ्यांशी अदलाबदल करून. तेही शक्य नसल्यास समान वेतनाच्या दुसऱ्या पदावर. आणि सरकारी आस्थापनेत शेवटी अधिसंख्य पदावर. अनेक जण सुरुवातीलाच ‘कोणतेही काम द्या’ असे लिहितात. त्यात नम्रता असते, पण कमी पगाराच्या पदाला संमती दिल्यासारखा त्याचा अर्थ लावला जातो.

पत्राचा मजकूर साधारण असा असावा:

“विषय: सेवेत असताना अपंगत्व आल्यामुळे कामाच्या ठिकाणी आवश्यक बदल करणे अथवा समान वेतनश्रेणीच्या पदावर समावेशन करणेबाबत.

महोदय, मी आपल्या आस्थापनेत … या पदावर दिनांक … पासून कार्यरत आहे. दिनांक … रोजी झालेल्या … मुळे मला … अपंगत्व आले आहे. माझ्या पदावरील कामांपैकी कोणती कामे मी करू शकतो, कोणत्या कामांसाठी साधन किंवा बदल आवश्यक आहे आणि कोणती कामे मला शक्य नाहीत, याचे विवरण व वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मी कामावर रुजू होण्यास तयार व इच्छुक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील तरतुदींनुसार विवरणात नमूद केलेले बदल करून मला माझ्याच पदावर रुजू करून घ्यावे. ते शक्य नसल्यास त्याची कारणे लेखी कळवून समान वेतनश्रेणी व सेवालाभांच्या पदावर माझे समावेशन करावे. निर्णय होईपर्यंतचा कालावधी अनधिकृत गैरहजेरी समजण्यात येऊ नये, ही विनंती.”

खासगी कंपनीत शेवटच्या भागात कलम ३, कलम २१ आणि कंपनीचे स्वतःचे धोरण यांचा उल्लेख करावा. ‘तयार व इच्छुक आहे’ हे शब्द कुठल्याही परिस्थितीत वगळू नयेत. पुढे प्रकरण कोठेही गेले, तरी कर्मचाऱ्याने काम नाकारले की मालकाने, हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर या चार शब्दांत असते.

सावधान: खर्चाची भीती आधीच घालवावी. मागितलेल्या साधनांपैकी मोफत, स्वतःजवळ असलेली आणि आस्थापनेने द्यावयाची अशी विभागणी करून द्यावी. अवाजवी बोजा पडत असेल तर मालकाला बदल नाकारता येतो. पण बोजा अवाजवी आहे हे सांगण्याआधी त्याला तो मोजावा तरी लागेल.

## टप्पा ६: रुजू होताना

रुजू अहवाल लेखी द्यावा आणि आदेशात चार गोष्टी तपासाव्यात: पदनाम, वेतनश्रेणी, सेवाज्येष्ठता आणि मधल्या काळाची रजा कशी धरली. पद कमी दर्जाचे दिले असेल तर रुजू न होता घरी बसणे बहुधा चुकीचे ठरते. ‘हक्क राखून, निषेध नोंदवून रुजू होत आहे’ असे लिहून रुजू व्हावे आणि त्याच आठवड्यात हरकत द्यावी. पहिली वेतनचिठ्ठी आधीच्या चिठ्ठीशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावी. मूळ वेतन कायम ठेवून भत्ते गुपचूप कमी झालेले असतात. पदोन्नती केवळ अपंगत्वाच्या कारणावरून नाकारता येत नाही, हे कलम २०(३) सांगते.

पहिल्या काही महिन्यांत मिळालेली आणि न मिळालेली साधने तारखेनिशी टिपून ठेवावीत. मूल्यांकन खराब आले, तर ‘सॉफ्टवेअर मागितल्यानंतर चार महिन्यांनी आले’ ही टिपणाची एक ओळ मोलाची ठरते.

## टप्पा ७: पैशांचे दावे, आणि ते एकमेकांच्या आड येऊ न देणे

कोणता दावा कुठे करायचा हे थोडक्यात असे:

ईएसआयमध्ये नाव असेल, तर कामाच्या दुखापतीतील तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि कायमच्या अपंगत्वासाठी कमाईक्षमतेच्या हानीच्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. ईएसआयबाहेरच्या कामगाराला मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते. ही तरतूद पूर्वी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे. दोन वर्षांच्या आत दावा करावा. मोटार अपघाताच्या दाव्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यामुळे ‘बरे झाल्यावर बघू’ असे म्हणू नये. पाच वर्षे सेवा झाली नसली, तरी अपंगत्वामुळे नोकरी संपल्यास ग्रॅच्युइटी मिळते. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा असेल, तर अपघातातील पूर्ण अपंगत्वाला दोन लाख आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. बँकेचे पासबुक चाळल्याशिवाय हे बहुतेकांना आठवतही नाही. पगार खाते, गटविमा आणि गृहकर्जासोबत घेतलेला विमा यांचीही कागदपत्रे काढून पाहावीत.

भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागत नाही. एका महिन्याची वर्गणी पुरते. मात्र त्यासाठी सदस्य ज्या कामावर होता त्या कामासाठी कायमचा व पूर्णपणे अयोग्य असावा लागतो. इथेच मोठी विसंगती होते. मालकाला ‘मी काम करू शकतो’ असे पत्र आणि निवृत्तिवेतनासाठी ‘मी काहीच करू शकत नाही’ असा अर्ज एकाच महिन्यात गेला, तर दोन्हीकडे विश्वास जातो. खरी गोष्ट बहुधा अशी असते: जुन्या कामास अयोग्य, दुसऱ्या कामास योग्य. मग दोन्ही कागदांत हीच गोष्ट याच शब्दांत लिहावी. आणि नोकरी टिकण्याची शक्यता असेपर्यंत हा अर्ज हातातच ठेवावा.

तपासणी: सर्व अर्जांत अपघाताची तारीख, वेळ, जागा आणि दुखापतीचे वर्णन एकसारखे आहे का?

## टप्पा ८: नकार किंवा मौन आल्यास

तीस दिवस वाट पाहून एक स्मरणपत्र द्यावे. त्याहून अधिक स्मरणपत्रे देत वर्ष घालवू नये.

सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. त्याने नोंद झालेल्या तक्रारीची दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. राज्यातील आस्थापनांबाबत राज्य आयुक्तांकडे आणि केंद्राच्या आस्थापनांबाबत मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. आयुक्तांनी शिफारस केल्यावर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे असते. शिफारस पाळली नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा पुढचा मार्ग आहे. अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

सरकारी कर्मचाऱ्याने रुग्णता निवृत्तिवेतन (आजार किंवा अपंगत्वामुळे कामास अयोग्य ठरल्यावर मिळणारे) स्वीकारले म्हणजे नोकरीचा हक्क गेला, असे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, २०१६ च्या आधीच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याखाली, पाय गमावलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळला होता. आज तीच तरतूद कलम २०(४) च्या रूपात आहे. मात्र काही आस्थापनांना त्यांच्या कामाच्या स्वरूपामुळे शासन अधिसूचनेने कलम २० मधून सूट देऊ शकते, म्हणून आपली आस्थापना सूट मिळालेल्यांत आहे का, हे तक्रारीआधी पाहावे.

## टप्पा ९: नोकरी गेलीच असेल तर

ईएसआयच्या सदस्याला कामाबाहेरच्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली असल्यास राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतील बेरोजगारी भत्त्याच्या अटी तपासाव्यात. नव्या कामासाठी केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटरमध्ये नाव नोंदवावे. तिथे क्षमतेची चाचणी आणि प्रशिक्षणाची माहिती मिळते. मुंबईत हाजी अली येथील भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आणि वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था यांच्याकडे साधने व पुनर्वसनाबाबत विचारता येते.

प्रशिक्षण निवडताना टप्पा २ मधील यादी पुन्हा समोर घ्यावी. पंधरा वर्षे प्रेसवर काढलेल्या माणसाला सरसकट संगणक टंकलेखनाच्या वर्गात बसवले, तर तो पंधरा वर्षांचा अनुभव शून्यावर आणतो. त्याच माणसाने मापन आणि गुणवत्ता तपासणीचा छोटा अभ्यासक्रम केला, तर मुलाखतीत सांगण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ असते. मुलाखतीत अपंगत्वाविषयी विचारले, तर निदान सांगत बसण्याऐवजी ‘ही कामे करतो, या साधनाने करतो’ एवढे सांगावे आणि शक्य असेल तर ते साधन सोबत नेऊन काम प्रत्यक्ष करून दाखवावे.